तीन प्रश्नांचं सोवळं

मंगळवारी सकाळी निनाद सोवनी मुलाखतीला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला शुभेच्छा दिल्या त्या बेडरूमच्या बंद दाराआडून. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट गेला महिनाभर दोघं एकमेकांना इतकी जपत होती, की भांडायलासुद्धा समोरासमोर येत नव्हती. त्याची मुलाखत मंगळवारी, तिची शुक्रवारी. कंपनी एकच, जागा दोन. बोलता बोलता एखादा प्रश्न एकाच्या तोंडून निसटून दुसऱ्याच्या कानात शिरला, की त्याची मुलाखत बाटली म्हणून समजायचं.

"नीट जा," केतकी आतून म्हणाली.

"हो," निनाद म्हणाला. आणखी काही बोलावंसं वाटलं, पण न बोलताच तो बूट घालू लागला.

निनादच्या आईने, शैलजाताईंनी, त्याच्या हातावर दही ठेवलं. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचा सगळा जन्म लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेला होता. वारज्याच्या आपल्याच घरात दोन माणसं अशी दाराआडून बोलतात, हे त्यांना सोसत नव्हतं. "दही खाल्लं तर चालतं ना रे? की दह्यातूनही प्रश्न शिरतात डोक्यात?" त्यांनी विचारलं. निनाद हसला नाही, तेव्हा त्यांनी ओळखलं की पोरगं घाबरलंय.

हे सगळं झालं होतं त्या पट्टीमुळे. लोक तिला ओळखपट्टी म्हणत. कपाळाभोवती बांधायची दोन बोटं रुंदीची कापडी पट्टी, आत नाण्याएवढे आठ सेन्सर. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की त्याचं नाव आठवायच्या आत आपली मान हलते ना, तसंच मेंदूचंही असतं. पूर्वी पाहिलेली, ऐकलेली गोष्ट पुन्हा समोर आली की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या भागात मेंदूत विजेची एक बारीकशी उचकी उठते. ती आपल्याला कळत नाही, आवरता तर येतच नाही. ती उचकी पट्टी टिपते आणि तिच्या कडेचा दिवा पिवळा होतो. आठवण जितकी ताजी, तितकी उचकी मोठी. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, विटून गेलेलं काही असेल तर दिवा बहुधा लागत नाही.

कंपन्यांना ही पट्टी का हवीशी वाटली, तेही सरळ होतं. प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रं करू लागली होती. माणूस हवा होता तो यंत्र अडलं की विचार करायला. पण मुलाखतीला येणारा प्रत्येकजण घोकून यायचा, आणि घोकलेलं उत्तर आत्ताच सुचल्यासारखं म्हणून दाखवायचा. पट्टीने ते नाटक उघडं पाडलं. आता दर आठवड्याला कंपनी तीन नवे प्रश्न काढी. पहिल्याला दिवा लागला तर दुसरा, दुसऱ्याला लागला तर तिसरा. तिन्हींना लागला तर फॉर्म बंद, सहा महिन्यांनी या. आणि दिवा लागूनही उमेदवार "मी हे कधी पाहिलं नाही" म्हणाला, तर त्याच्या नावापुढे 'दडवणूक' अशी नोंद होई आणि दोन वर्षं कुठलीच कंपनी त्याला दारात उभं करत नसे.

झालं, तीन वर्षांत सगळी उलथापालथ झाली. ज्याला जास्त माहिती तो नालायक आणि जो कोरा तो लायक! क्लासवाल्यांनी पाट्या बदलल्या आणि 'काय वाचू नये' हे शिकवायला सुरुवात केली. पेपर फुटायचेच, पण आता फोडणारे ते स्वतःसाठी वापरत नसत. दुसऱ्याला पाठवत. प्रतिस्पर्ध्याच्या मोबाइलवर एक प्रश्न टाकला की त्याचा काटा निघे. प्रश्न सांगण्यावर बंदी नव्हतीच, नुकसान व्हायचं ते ऐकणाऱ्याचं. म्हणून मुलाखतीआधी माणसं मोबाइल बंद करून, मित्रांना टाळून, घरातल्या घरात कोपरा धरून बसत. याला सगळे 'सोवळ्यात बसणं' म्हणत.

"आमच्या वेळी बायकांना महिन्यातले चार दिवस बाजूला बसवायचे," शैलजाताई म्हणायच्या. "ते या घरातून हद्दपार करायला मला दहा वर्षं लागली. आणि तुम्ही एवढी शिकलेली माणसं आपण होऊन बाजूला बसता!"

केतकीला हे पटायचं. पण तिचाही नाइलाज होता. वडिलांच्या पक्षाघातापायी तिने सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली, सांगलीला राहून त्यांचं सगळं केलं, आणि ते गेल्यावर ती परत आली तेव्हा तिचं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. वर्षभर अर्ज करून ती थकली होती. पूर्वी सहा वर्षांचा खंड म्हणजे उमेदवारीला लागलेलं ग्रहण. आता मात्र तेच तिचं भांडवल झालं होतं. सहा वर्षांत तिने एकही प्रश्न पाहिला नव्हता, जुनं सगळं विटलं होतं. बालेवाडीच्या 'सांधा' नावाच्या कंपनीने तिचा फॉर्म पाहून लगेच तारीख दिली. ही कंपनी रक्तपेढ्यांमधून दवाखान्यांकडे रक्ताच्या पिशव्या धाडण्याची व्यवस्था पाहायची. केतकीला ते काम मनापासून हवं होतं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा स्वतःच्या डोक्याने काही करायला मिळेल, या आशेवर तिचे दिवस चालले होते. शुक्रवार हातचा गेला तर पुढचा शुक्रवार कधी येईल याची खात्री नव्हती.

निनाद दुपारी तीनला परतला. दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, बूट काढल्याचा आला, मग काहीच नाही. केतकी बाहेर आली तर तो खिडकीकडे तोंड करून बसलेला.

"चहा टाकू?" तिने विचारलं. एवढंच विचारायची मुभा होती.

"नको."

"जेवलास?"

"हो," तो म्हणाला. ते खोटं होतं हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. अकरा वर्षांच्या ओळखीत तिला त्याच्या प्रत्येक 'हो'ची पारख झाली होती, त्याला कुठलीही पट्टी लागत नव्हती. पण कसं झालं हे विचारावं, तर तो सांगणार. सांगायला लागला, तर काय विचारलं हेही येणार. ती गप्प राहिली आणि स्वतःचाच राग आला तिला.

बुधवारी एक प्रकार झाला. केतकीचा मोबाइल बंद होता, तर कुणीतरी शैलजाताईंच्या मोबाइलवर फोन केला. "केतकी सोवनींना द्या," एक गोड आवाज म्हणाला.

"ती सोवळ्यात आहे. निरोप सांगा."

समोरच्याने क्षणभर विचार केला, आणि निरोप म्हणून एक अख्खा प्रश्नच वाचून दाखवला. शैलजाताईंना त्यातलं ओ का ठो कळलं नाही. पण तीस वर्षं नंबर लक्षात ठेवलेला कान तो! शब्दन् शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. फोन ठेवला तेव्हा त्या घामाघूम झाल्या होत्या.

"केतकी, अगं, कुणीतरी झाडाच्या फांद्यांबद्दल काहीतरी—"

"आई! बोलू नका!" केतकीने दोन्ही कान दाबले आणि बेडरूममध्ये पळाली.

तेव्हापासून शैलजाताईंची फार पंचाईत झाली. विसरायचं म्हणून धरलं, की तेच पुढे येई. त्यांनी स्तोत्रं म्हणून पाहिली, तर चौथ्या ओळीत झाड शिरलं. जेवताना तोंड उघडलं की सून दचकते, हे पाहून त्या मुक्यानेच वाढू लागल्या. एरवी निनादने यावर आईची भरपूर चेष्टा केली असती. या वेळी तो ताटातला भात चिवडत राहिला, आणि पानावरून उठून बाथरूममध्ये गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो बंद झाला नाही.

गुरुवारी सकाळीही तेच. दुपारीही तेच. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला केतकी उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. पुन्हा नळ सुरू झाला. तिने इस्त्री उभी केली आणि कान दिला. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. माणूस तोंडात टॉवेल धरून रडतो तेव्हा येतो, तसा.

तिचे पाय दारापर्यंत गेले आणि थांबले. उद्या सकाळी दहा वाजता. मध्ये फक्त एक रात्र. एवढी कळ काढली तर उद्या दुपारी काय हवं ते बोलता येईल, असं तिचं एक मन म्हणालं. बरोबरच म्हणालं ते. पण दोन दिवस हा माणूस एकटा नळाखाली रडतोय आणि आपण कपड्यांना इस्त्री करतोय, ही गोष्ट तिला सहन होईना. तिने दार वाजवलं.

"निनाद, बाहेर ये. काय झालं ते सांग मला."

नळ बंद झाला. "उद्या सांगतो."

"आत्ता सांग."

"केतकी, वेडी आहेस का? उद्या तुझा—"

"माहितीये मला माझं उद्या काय आहे ते. ये म्हणते ना."

तो बाहेर आला. डोळे लाल, चेहरा ओला. पलंगाच्या कडेवर बसला. "दडवणूक लागली मला," तो म्हणाला. "दोन वर्षं."

केतकी हबकली. निनाद खोटं बोलणारा माणूस नव्हता. निदान मुलाखतीत तरी नव्हता. "कशी काय?"

"पहिला प्रश्न आपला होता."

"आपला म्हणजे?"

"मंगल कार्यालयांचा."

आणि ती समजली. अकरा वर्षांपूर्वी शास्त्री रस्त्यावरच्या एका अभ्यासिकेत दोघांची ओळख झाली. अर्धी अभ्यासिका स्पर्धा परीक्षांची, आणि मागच्या बाकांवर ही सॉफ्टवेअरच्या मुलाखतींची तयारी करणारी चार-सहा डोकी. केतकी त्यांची गुरू. प्रश्न आधी आपल्या शब्दांत परत सांगायचा, मग छोटंसं उदाहरण घेऊन कागदावर हाताने सोडवायचं, आणि मगच प्रोग्रॅमला हात घालायचा, हे तिने सगळ्यांच्या अंगी बाणवलं होतं. दिवसभरात इतक्या लग्नांच्या वेळा अशा अशा आहेत, तर कमीत कमी किती कार्यालयं लागतील, हा प्रश्न तिने निनादला दुपारभर समजावला. उत्तर आल्यावर तो म्हणाला होता, "त्यातल्या एका कार्यालयाची एक दुपार आपल्यासाठी धरून ठेवायची का?" त्या अभ्यासिकेत बोलायची बंदी असल्यामुळे तिने होकारही कागदावर लिहून दिला होता.

"अकरा वर्षं झाली, पण तो प्रश्न कुठला विटायला! वाचला आणि दिवा लागलाच," निनाद म्हणाला. "मला दिसत नव्हता, त्यांना दिसत होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हा पूर्वी कधी पाहिलाय? आणि मी... माझं तोंड आपोआपच चालायला लागलं. नाही म्हणालो. मग कपाळाला हात लावला. आधी चुकीची आकृती काढली. मग थांबलो, अरेच्चा म्हणालो, आणि सुधारली. चार मिनिटं, केतकी. चार मिनिटं मी सुचल्याचं नाटक केलं."

केतकी पलंगावर बसली. हे नाटकही तिनेच शिकवलं होतं. उत्तर माहीत असलं तरी लगेच देऊ नका, पाठ केलंय असं वाटतं. आधी जरा चुका, मग आपली चूक आपणच पकडा, समोरचा खूश होतो. अभ्यासिकेत ती हे घड्याळ लावून घोकून घ्यायची. त्या काळी त्यात कुणाला लबाडी वाटत नव्हती, सगळेच करायचे.

"म्हणून बोलला नाहीस दोन दिवस?"

"तुझा शुक्रवार बाटेल म्हणून. आणि..." तो अडखळला. "हे मला तूच शिकवलं होतंस, हे तुझ्या लक्षात येईल म्हणून."

तिने त्याचा हात हातात घेतला.

"तो एक गेला तर गेला," निनाद घाईने म्हणाला. "तो तुलाही पिवळाच लागला असता, काहीही केलं तरी. पण अजून दोन आहेत. ते सांगत नाही मी. आता जा तू, इस्त्री कर."

तो म्हणाला खरा, पण तिचा हात काही त्याने सोडला नाही. त्याला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट अजून आतच होती, हे केतकीला दिसत होतं. अर्धं बोलून माणूस मोकळा होत नाही. उलट उरलेलं अर्धं जास्त सलतं.

"मग?" ती म्हणाली.

"केतकी, नको."

"मग काय झालं? सांग."

मग त्याने सांगितलं. बाईंनी पडदा वळवून त्याला आलेख दाखवला, तो उंच सुळका आणि त्यापुढची त्याची चार मिनिटं. दडवणूक निघाली की नियमाप्रमाणे पुढचे दोन्ही प्रश्न विचारायचेच असतात, म्हणून विचारले. ते खरोखर नवे होते. पण त्याचं डोकं बधिर झालं होतं. दुसरा होता कोठारातल्या मालाच्या मांडणीचा, तिसरा एकाच पुलावरून जाणाऱ्या दोन रांगांचा. त्याला साधं उदाहरणही सुचेना, पेन्सिल हातातून दोनदा पडली, तेव्हा बाईंनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. "त्या चांगल्या वागल्या गं. त्याचंच जास्त वाईट वाटलं." आणि मग तो टॉवेल न घेता, नळ न सोडता रडला. केतकीही रडली.

"तीनही सांगितले मी तुला," बऱ्याच वेळाने तो भानावर येऊन म्हणाला. "तुझ्याकडे काहीच उरलं नाही."

"मीच विचारलं."

दाराशी चाहूल लागली. शैलजाताई उभ्या होत्या. "मोडलं ना सोवळं?" त्या म्हणाल्या. "मग माझंही एकदा ऐकून घ्या, नाहीतर मी वेडी होईन." आणि त्यांनी ते झाडाच्या फांद्यांचं, एका दमात, स्वल्पविरामासकट म्हणून टाकलं. तो प्रश्न त्या तिन्हींतला नव्हताच. कुणा भलत्याच कंपनीचा जुना, शिळा प्रश्न होता. तिघंही इतकी हसली, की खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवून काय झालं म्हणून विचारलं.

शुक्रवारी तिने जावं की नाही यावर सकाळी वाद झाला. निनादचं म्हणणं, आजारी आहे म्हणून कळव, पुढची तारीख माग. केतकी म्हणाली, "खोटं बोलून काय मिळतं ते आत्ताच बघितलं आपण," आणि इस्त्री अर्धवट राहिलेला कुर्ता घालून निघाली. वाटेत मात्र सहा वर्षं, त्यातलं अर्जांचं हे शेवटचं वर्ष, सगळं एका 'मग?'पायी घालवून बसलो, हे तिला बालेवाडी येईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचत राहिलं.

मुलाखत घेणाऱ्या शबनम मुजावर पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, नाकावरून घसरणारा चष्मा, टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. त्यांनी पट्टी पुढे केली.

"मॅडम, बांधायच्या आधी सांगते," केतकी म्हणाली. "तुमचे तीनही प्रश्न मला माहीत आहेत. काल संध्याकाळी नवऱ्याने सांगितले. निनाद सोवनी, मंगळवारी आला होता."

मुजावर मॅडमनी चष्मा वर केला. "चारशेच्या वर मुलाखती घेतल्या मी या पट्टीने. आपणहून कुणी बोललं नाही."

"बोललं की फॉर्म बंद होतो ना."

"तो आत्ताही होणार आहे, बाई. त्यात माझ्या हातात काही नाही." त्यांनी पडद्यावर एक खूण केली, आणि खरोखरच झाला. केतकीला वाटलं होतं आपण खंबीर राहू, पण पडद्यावरची ती खूण तिला बघवेना. "सहा महिने," मुजावर मॅडम म्हणाल्या. "काल ऐकलंत तरी कशाला? एक दिवस थांबले असते की ते."

"तो थांबलाच असता, मॅडम. दोन दिवस नळ सोडून आत रडत होता, तरी माझ्यासाठी थांबलाच होता. मलाच नाही राहवलं."

मुजावर मॅडमनी तांब्यातलं पाणी तिच्यापुढे केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "तुमच्या वेळेतली पन्नास मिनिटं उरलीत. पट्टी राहू दे. हे बघा जरा. याचं उत्तर मलाही माहीत नाही, त्यामुळे बाटायचा प्रश्नच नाही."

अडचण अशी होती. दवाखान्याने रक्ताची एक पिशवी मागितली की कधीकधी दोन गाड्या निघत, आणि मग दुसऱ्या दवाखान्याला गाडीच उरत नसे. मागच्या आठवड्यात साताऱ्याला दोन पोचल्या आणि कराडला एकही नाही. कराडची बाळंतीण वाचली, पण ती डॉक्टरांनी शेजारून रक्त मिळवलं म्हणून. यंत्रांनी प्रोग्रॅम तपासला होता. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर बिनचूक होता.

केतकीने कागद मागितला. सहा वर्षांनी हातात पेन्सिल आली होती आणि सुरुवातीला डोकं गंजल्यासारखं वाटलं. तिने प्रश्न मोठ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगितला. मग छोटं उदाहरण घेतलं, एक दवाखाना, एक पिशवी, एक गाडी, आणि प्रोग्रॅममधून ते पायरी पायरीने चालवत नेलं. दोनदा चुकली. या वेळी खरीच चुकली, आणि आपली चूक आपल्याला कळली तेव्हा तिला त्याचाही आनंद झाला. पाऊण तासाने तिने पेन्सिल ठेवली.

"मॅडम, हा एकच बिघाड चौघांनी चार वेळा दुरुस्त केलाय. पहिल्याला वाटलं निरोप उशिरा पोचतो, म्हणून त्याने तो दोनदा पाठवला. दुसऱ्याला दोनदा आलेला निरोप चूक वाटला, त्याने एक अडवला. तिसऱ्याला अडलेला दिसला, त्याने सोडवला. चौथीने पुन्हा पहिल्यासारखंच केलं. ही चौघं एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत का?"

"एकाच टेबलावर बसतात." मुजावर मॅडम खिन्नपणे हसल्या. "माझ्याकडे एकवीस जण आहेत. सगळे पट्टीतून आलेले, कोरे करकरीत, हुशार. आणि एकही दुसऱ्याला विचारत नाही, की तू काल काय केलंस. इथे काम करतात, पण पुढच्या कंपनीच्या मुलाखतीसाठी सोवळ्यात असतात. दुसऱ्याचं ऐकलं तर बाटतील ना! मी वर सांगून थकले. आम्ही न बोलणारी माणसं निवडून निवडून घेतलीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नोकरी मी देऊ शकत नाही. बाहेरचा सल्लागार तीन महिन्यांसाठी बोलावता येतो, त्याला पट्टी लागत नाही. पुढचं तीन महिन्यांनी बघू. काम एवढंच, की एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. पण आधीच बजावते. एकवीस जणांचं सगळं ऐकल्यावर तुम्ही पुन्हा कधी कोऱ्या राहणार नाही. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत दिवा पिवळाच लागेल. विचार करून सांगा."

केतकीने विचार केला. पुढचं दार बंद होत होतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने काल संध्याकाळचा निनादचा हात आठवला, आणि तिला फार वेळ लागला नाही.

"सोमवारी किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

घरी पोचली तेव्हा निनादने दार उघडलं आणि सवयीने नजर खाली वळवली. महिनाभराची सवय, एका दिवसात थोडीच जाणार! शैलजाताई मागे उभ्या होत्या.

"फॉर्म बंद झाला," केतकी म्हणाली.

निनादचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे."

"हो, तुझ्यामुळेच," ती म्हणाली, आणि चपलाही न काढता तिथेच कोचावर बसून तिने सोमवारचं सांगितलं. शैलजाताईंनी देवापुढे साखर ठेवायला धाव घेतली. निनाद मात्र तसाच उभा राहिला. त्याची दोन वर्षं काही कमी झाली नव्हती, आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तरीही तो तिच्याशेजारी येऊन बसला. कालची संध्याकाळ सोडली तर महिन्याभरात दोघं इतकी जवळ बसली नव्हती.

"तिथे काय अडलं होतं, तू कसं सोडवलंस..." तो चाचरत म्हणाला. "म्हणजे, मला सांगितलेलं चालेल ना?"

"अरे, सांगायचाच तर पगार देणार आहेत मला," केतकी म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.